पाळी चुकण्याआधी

आपल्या पिंपरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ‘पाळी’ म्हटलं की दोन गोष्टी. एक कारखान्याची. पहिली, दुसरी, रात्रपाळी. ती चुकली की पगाराला कात्री लागते, म्हणून भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत कुणी ती विसरत नाही. दुसरी घरातल्या बाईची. ती चुकली तर आठ-पंधरा दिवस कुणाजवळ काही बोलायचं नाही, अशी रीत. आधी तिची स्वतःची खात्री, मग नवऱ्याला, मग सासूला फोन, आणि दवाखान्याचं नाव निघेपर्यंत तिसरा महिना लागलेला. मला या दुसऱ्या पाळीबद्दल बोलायचंय, आणि मुद्दाम पुरुषांसमोर बोलायचंय. तासांचा आणि दिवसांचा हिशेब तुम्हाला कुणी शिकवायला नको.

तर हिशेब असा आहे. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची सुरुवात एका नळीपासून होते. पातळ पट्टीच्या कडा वर वळतात, एकमेकींना भिडतात आणि नळी तयार होते. गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ती दोन्ही टोकांनी बंद झालेली असते. पाळी चुकते ती गर्भ राहिल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळी चुकल्याचं कळलं त्या दिवशी हातात उरतात जेमतेम दोन आठवडे. तिसऱ्या महिन्यात आपण केसपेपर काढायला रांगेत उभे राहतो तेव्हा ते काम कधीच उरकलेलं असतं. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाही, असं बाळ जगत नाही. खाली उघडी राहिली तर पाठीवर फुगा येतो. मग पायांत ताकद कमी, लघवी-शौचावर ताबा नाही, अनेकदा डोक्यात पाणी साठतं. आपल्या देशात हजार जन्मांमागे अशी चार-पाच बाळं असतात.

यातली बरीचशी टाळता येतात, आणि ते आता तीन दशकांहून जुनं ज्ञान आहे. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं सात देशांतल्या बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधीचं बाळ अशा दोषाचं झालेल्या या बायका होत्या. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलेल्यांमध्ये तोच दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. ‘आधीपासून’ हा यातला कळीचा शब्द. म्हणून मूल हवं असं दोघांनी ठरवलं की त्याच आठवड्यात फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची, ती गरोदरपणाचे तीन महिने पूर्ण होईपर्यंत. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर डोस जवळजवळ दसपट लागतो, तो डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. अडचण पैशांची नाही. ‘अजून काही नाही आणि आत्तापासून गोळ्या कसल्या?’ या एका वाक्याची आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ती लांबची नाही, पुणे जिल्ह्यातलीच आहे.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गेले. तिथल्या लग्न झालेल्या बायकांची उंची-वजनं घेतली, त्या काय खातात, किती काम करतात, रक्तात काय कमी आहे, सगळं नोंदवलं. पुढे त्यांना दिवस गेले, सातशेवर बाळं झाली. त्या बाळांचीही नोंद ठेवली आणि ती पोरं मोठी होईपर्यंत पाठ सोडली नाही. एका पिढीचा असा पाठलाग करायला चिकाटी लागते. परदेशातून पैसा येऊ शकतो, पण दर वेळी दार उघडून ‘या डॉक्टर’ म्हणणारी गावं आणावी कुठून? ती पुणे जिल्ह्यात मिळाली.

काय दिसलं? पोटुशी असलेल्या दर तीन बायकांपैकी दोघींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फॉलिक ॲसिड बहुतेकींचं ठीक होतं, कारण भाजी-आमटी पोटात जात होती. बी-१२ मात्र दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. मेथीच्या जुडीत नाही, बाजरीच्या भाकरीत नाही. आणि दूध डेअरीला जातं, घरात उरतं चहापुरतं. पुढे ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या काही चाचण्या घेतल्या. गरोदरपणात ज्यांच्या आईचं बी-१२ सगळ्यांत कमी होतं, त्या मुलांना लक्ष टिकवायला आणि ऐकलेले आकडे उलट क्रमानं सांगायला जास्त कष्ट पडले. बुद्धीच्या इतर चाचण्यांत फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. संशोधक तेवढंच म्हणतात, मीही तेवढंच म्हणतो. पण शाळेतल्या मास्तरांना विचारा, लक्ष आणि आठवण म्हणजे निम्मी शाळा.

खरी गंमत पुढे आहे. २०१२ पासून याच अभ्यासातल्या, आता वयात आलेल्या मुला-मुलींना बी-१२ द्यायला सुरुवात झाली. ‘प्रिया’ नावाचा हा प्रयोग. रोज दोन मायक्रोग्रॅम. हे माप डोळ्यांना दिसणारही नाही. एक कप दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, यावरून अंदाज घ्या. पुढे त्यातल्या मुलींची लग्नं झाली, बाळं झाली. ती दोन वर्षांची झाल्यावर समज आणि भाषा तपासली, तेव्हा लग्नाआधीपासून नुसतं बी-१२ मिळालेल्या आयांची बाळं न मिळालेल्यांच्या बाळांपेक्षा पुढे होती. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तपासलेली बाळं थोडी होती, तेव्हा यावर ढोल वाजवू नयेत. तरी बघा, १९९३ नंतर आईच्या पोटात असताना जिची नोंद झाली, तिच्याच लेकराचे बोबडे बोल आज त्या वहीत आहेत. तीन पिढ्या एका वहीत. आपल्याकडे सातबाराचा उताराही इतका नीट सापडत नाही.

यातून आपण घ्यायचं ते साधं आहे. नव्या सुनेच्या ताटात कपभर दूध किंवा वाटीभर दही वेगळं काढून ठेवा. चालत असेल तर अंडं. शुद्ध शाकाहारी घरात, किंवा हातापायांना मुंग्या, सतत थकवा असेल तर डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासा आणि गोळी घ्या. लग्नाच्या वयाच्या मुलींनाही हेच लागू आहे. मुलींच्या लग्नात आपण फ्रिज देतो, कपाट देतो. त्याआधीच्या वर्षभरात रक्ताची एक तपासणी द्यावी.

गर्भसंस्कारांबद्दल विचाराल म्हणून सांगतो. चांगलं गाणं ऐकावं, चांगलं वाचावं, मन शांत ठेवावं, कुणाला वाईट वाटेल? पण हजारो रुपयांच्या वर्गाला जाणारी आणि लोहाच्या गोळीनं ‘मळमळतं’ म्हणून ती कुंडीत टाकणारी सून मी पाहिली आहे. आधी गोळी, मग राग यमन. ग्रहणाचंही तेच. ग्रहणात उपाशी बसवून बाळाचं भलं झाल्याचा दाखला नाही. उलट व्यंग असलेलं बाळ झालं की ‘हिनं ग्रहण पाळलं नाही’ असं म्हणून त्या आईला जन्मभर टोचायला मात्र सोय होते. ते बंद करा. चहा करण्याआधी मशेरी लावणाऱ्या बायांना एवढंच सांगेन, मशेरी ही जाळलेली तंबाखू आहे. ती पोटातल्या बाळापर्यंत पोचते आणि त्याचं वजन कमी करते.

याच सहा गावांच्या अभ्यासात आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी आणखी एक गोष्ट मोजली होती, बायकांचे कष्ट. पाणी भरणं, शेतातली कामं, धुणी. जितके कष्ट जास्त, तितकं बाळ लहान. आणि हिरव्या भाज्या, फळं, दूध ज्या जास्त खात होत्या त्यांची बाळं वजनानं बरी. आज खेड तालुक्यातली शेतं जाऊन तिथे शेड उभ्या राहिल्या, विहिरीवरचा हंडा गेला. पण लाइनवर आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या, बाहेर पडून टँकरची वाट बघणाऱ्या बाईचे कष्ट गेले का? कंत्राटी कामगार असलात तरी पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल आणि कारखाना ईएसआय म्हणजे कामगार विम्याखाली येत असेल, तर तुमची वर्गणी भरणं हे मालकाचं आणि ठेकेदाराचं काम आहे. आधीच्या दोन वर्गणी-काळांत ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पहिल्या दोन मुलांपर्यंत बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. नवरा विमाधारक असेल तर बायकोचे उपचार त्यात येतात. चिंचवडच्या मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे. पोट दिसायला लागलं की नाव कमी करणारे ठेकेदार आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून विमा क्रमांक मागून घ्या, पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

आता शिशाकडे येतो. हा विषय आपल्या पट्ट्याचा खास, आणि यावर कुणी बोलत नाही.

शिसं म्हणजे बॅटरीच्या आतला तो जड, करडा धातू. रेडिएटरच्या झाळणीत, जुन्या रंगाच्या पोपड्यात, काही पितळी भागांत तेच असतं. मोठ्या माणसाला ते थकवा आणि पोटदुखी देतं. लहान मुलाच्या आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला मात्र ते थेट नुकसान करतं. बुद्ध्यांक घटतो, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मुलांच्या रक्तात शिशाची निर्धोक पातळी अशी कोणतीही नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं अंदाज मांडला की जगातल्या दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे, आणि त्यातली सर्वाधिक मुलं भारतात आहेत. पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून मर्यादा आली. उरलेल्या वाटांमध्ये सगळ्यांत मोठी आहे ती जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून शिसं काढणारे छोटे, बिननावाचे उद्योग.

कुदळवाडी-चिखलीची भंगाराची गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं पाडली. भंगाराचा धंदा मात्र पडला नाही, तो पांगला. तिथे, गॅरेजमध्ये, बॅटरीच्या दुकानात, ओतकामाच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनो, तुमच्याबद्दल बोलतोय. शिसं कामावरून तुमच्यासोबत घरी येतं. ते युनिफॉर्मच्या बाहीवर असतं, बुटांच्या तळाशी असतं, केसांत असतं. दारातून आल्या आल्या पोरगं पायाला मिठी मारतं, मग तेच बोट तोंडात घालतं. धुळकट कपडे घरच्या कपड्यांत झटकून भिजवते ती तुमची पोटुशी बायको. तेव्हा कपडे कामावरच बदला. सोय नसेल तर मालकाकडे नळ आणि खुंटी मागा, ही काही मोठी मागणी नाही. बूट दाराबाहेर. आधी अंघोळ, मग लेकरू. कामाचे कपडे वेगळ्या बादलीत, आणि ते तुम्ही धुवा. जुनी बॅटरी घरात, जिन्याखाली ठेवू नका. फोडायची तर नाहीच, ती दुकानात परत द्या. घर पुसायचं ते ओल्या फडक्यानं. कोरड्या झाडूनं धूळ उडते. भांड्यांना कल्हई करून घेत असाल तर कथिलात शिसं मिसळत नाही ना, हे कल्हईवाल्याला तोंडावर विचारा.

आणखी एक. बाईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसं गरोदरपणात कॅल्शियमबरोबर रक्तात उतरतं. म्हणजे ती स्वतः लग्नाआधी अशा कामात असेल, तर आज काम सोडलेलं असूनही बाळाला ते पोचू शकतं. डॉक्टरांना तसं सांगा, रक्तातलं शिसं तपासता येतं. पोटात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं, म्हणून त्या सरकारी गोळ्या इथेही उपयोगी पडतात.

बाकीच्या काही गोष्टी भराभर सांगतो. फिट येतात म्हणून गोळ्या घेणाऱ्या बाईनं मूल ठरवण्याआधीच डॉक्टरांना भेटावं. व्हॅल्प्रोएटसारखं औषध बाळाच्या मेंदूला बाधतं, पण आपल्या मनानं गोळी बंद करणं त्याहून धोक्याचं. थायरॉइड तपासा, मीठ आयोडीनचंच वापरा. रुबेलाची लस लग्नाआधी, गरोदरपणात नाही. डासांबाबत, २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण एरंडवण्यापासून निघाले होते, त्यात गरोदर बायकाही होत्या. झिकानं बाळाचं डोकं लहान राहू शकतं, हे ब्राझीलनं २०१५ मध्ये भोगलंय. पिंप, टायर, कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करा. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या तपासणीला लाजू नका, तोही बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. त्याचं औषध पेनिसिलिन, आणि सरकारी कारखान्यात ते बनवायला देशात सुरुवात झाली ती आपल्याच पिंपरीत, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. पाचव्या महिन्याच्या आसपास, १८ ते २० आठवड्यांत होणारी सोनोग्राफी टाळू नका. बाळाच्या डोक्याची आणि कण्याची घडण त्यात दिसते. तिथे मुलगा की मुलगी विचारणं गुन्हा आहे. व्यंग आहे का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

मग येतं माहेरचं बाळंतपण. आपल्या वस्त्यांतल्या कित्येक सुना लातूर, बीड, परभणी, बुलढाण्याच्या. सातव्या महिन्यात त्या जातात, बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर परततात. या जाण्यायेण्यात कागद हरवतो. इथल्या डॉक्टरांना माहीत नसतं की बाळ जन्मताच रडलं नव्हतं, की कावीळ फार वाढली होती, की वजन पावणेदोन किलो होतं. आणि याच माहितीला सर्वांत जास्त किंमत आहे. पुण्यातच केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेली, दोन किलोच्या आतली बाळं थेट तरुणपणापर्यंत तपासली. बहुतेक मुलं चारचौघांसारखी वाढली. पण गणित, हात-डोळ्यांचा मेळ यांत कित्येकांना अडचणी आल्या, आणि वेळेआधी जन्मून वर वजनानंही उणी असलेली बाळं सगळ्यांत मागे राहिली. गोव्यासह देशातल्या पाच भागांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २ ते ९ वर्षांच्या जवळजवळ आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या वाढीची काही ना काही अडचण दिसली. तिथेही कारणांत हीच नावं होती. कमी वजन, वेळेआधी जन्म, जन्मताना गुदमरणं, मेंदूज्वर, घरी झालेलं बाळंतपण. तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड आणि डिस्चार्जचा कागद पोथीसारखा जपून परत आणा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माहेरच्या दवाखान्यात टाचेच्या रक्ताची थायरॉइड तपासणी आणि कानाची तपासणी झाली का, विचारा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचे असतात. तोवर ते बाळ माहेरीच असतं, म्हणून हे तिथेच व्हायला हवं.

आणि शेवटी तो घात करणारा दिलासा, ‘बोलेल हळूहळू, बापही उशिराच बोलला होता.’ बाळ चार महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत बसत नाही, वर्षाचं झालं तरी नावानं वळून बघत नाही, दीड वर्षात चालत नाही किंवा हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, तर थांबू नका. येत असलेलं बोलणं किंवा चालणं गेलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. पहिली तपासणी कानाची, कारण ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं? तपासून काही निघालं नाही तर सासूबाईंचा अंदाज खरा ठरला म्हणून पेढे वाटा. निघालं तर पहिली तीन वर्षं सोन्याची आहेत, तेव्हा मेंदू सर्वांत जास्त वळतो.

कुठे जायचं? २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. तिथून पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ते सांगवीला लागून असलेल्या औंधच्या जिल्हा रुग्णालयात. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय. मोरवाडीत महापालिकेचं दिव्यांग भवन आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, शिकण्यातली अक्षमता यांची नावं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. यांतल्या ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमतेला ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. ऑटिझमवर स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. आयसीएमआरच्या नियमांत ते उपचार म्हणून बसत नाही. त्या पैशांत मुलाची कित्येक वर्षांची थेरपी होते. आणि अशा मुलाला ‘रिजेक्ट पीस’ म्हणणारे महाभाग आपल्याच शॉपफ्लोअरवर आहेत. त्यांना चारचौघांत गप्प करा.

गरोदर बायकांची मोफत तपासणी चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टरांकडून होते. पुढची ९ तारीख कोणत्या वारी येते ते आज कॅलेंडरवर बघा, आणि त्या दिवशीची तुमची पाळी बदलून द्यायला सुपरवायझरला आत्ताच सांगून ठेवा.